जनीची लाईन

आनंदनगरच्या फिनेलच्या कारखान्यात जनी भोईर पॅकिंगला लागली तेव्हा तिचा कल्पेश बालवाडीत होता. आता तो मिशी कोरून बाईक उडवत फिरतो. मधली सगळी वर्षं जनीची त्या एका बेल्टपाशी उभ्याने गेली, आणि खरं सांगायचं तर मजेत गेली.

त्याचं कारण अण्णा, पॅकिंगचे जुने सुपरवायझर. माणूस तिरसट, बोलायला लागला की कान किटायचे, पण लाईनवर त्यांनी एक रीत लावली होती. बेल्टवरून बाटल्या यायच्या, कोणी झाकण पिळायचं, कोणी लेबल लावायचं, कोणी खोक्यात भरायचं. एखादी मागे पडली की शेजारणीने न सांगता तिच्या बाटल्या आपल्याकडे ओढायच्या. याला त्या 'हात देणं' म्हणत. शेजारच्या विठाची कंबर धरली की तिचं अर्धं काम जनीच उरकायची, आणि वर तिची टिंगलही करायची. दिवसभर हसणं, उखाळ्यापाखाळ्या, हळदीची गाणी, आणि तरी माल वेळेत बाहेर.

अण्णा रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या चहाला सगळ्यांदेखत म्हणाले, "माझ्यामागे लाईन जनी बघेल." मॅनेजर शौनकसाहेबांनी मानही डोलावली. जनीने त्या रविवारी बदलापूरच्या बाजारातून नवी साडी घेतली. गावी जावांना सांगूनही टाकलं, बिचारीने.

सोमवारी सुपरवायझरच्या खुर्चीवर बसली हिमानी, साहेबांची मावसबहीण. पोरगी शिकलेली, स्वभावाने वाईट म्हणवत नाही, पण पॅकिंगची लाईन तिने जन्मात पाहिली नव्हती. वर साहेब जनीलाच म्हणतात, "ताई, तुम्हीच हिला जरा शिकवा." तोंडाला पानं पुसली ती पुसली, त्यात हे! जनी बाथरूममध्ये जाऊन रडली, तोंड धुतलं आणि परत बेल्टपाशी येऊन उभी राहिली.

दुपारी डबा खाताना मात्र तिला आवरेना. "आजपासून कोणी कोणाला हात द्यायचा नाय," ती म्हणाली. "जिची बाटली तिने बघायची. कलू दे त्यांना, लाईन कशी चालते ती." बायकांना ते पटलं. जनीला मिळत नाही तिथे आपल्याला काय मिळणार, हे त्यांच्याही मनाला लागलं होतं.

साहेबांना कळलं म्हणता? बाटल्या खाली पडायला लागल्या, माल रखडला, तेव्हा साहेबांनी डोकं चालवलं आणि प्रत्येकीच्या बाटल्या मोजायला लावल्या. मग तर शेजारणीची बाटली ओढणं म्हणजे तिची चोरीच. विठा कळवळायची आणि जनी समोर बघत राहायची. डबे वेगवेगळ्या कोपऱ्यांत उघडू लागले. घरी भाकऱ्या थापताना जनीला लाईनवरचं ते जुनं हसणं आठवायचं आणि तिचा जीव तुटायचा. तिला वाटायचं, एकदा ही पोरगी जाऊ दे, मग मी सगळं पहिल्यासारखं करीन. खुर्चीचा हट्ट कधीच विरला होता. आता तिला ती हवी होती ती एवढ्यासाठीच.

अशी दोनेक वर्षं गेली. हिमानी लग्न होऊन पुण्याला गेली. साहेबांना दुसरी मावसबहीण नसावी, कारण खुर्ची जनीला मिळाली. आधी तिने साहेबांशी भांडून ती मोजणी बंद करवली. मग सगळ्यांना गोळा करून म्हणाली, "बायांनो, झालं गेलं विसरा. अण्णा होते तेव्हासारखं करू. हात द्या गो एकमेकींना."

बायकांनी माना हलवल्या. बेल्ट सुरू झाला. थोड्या वेळाने विठा मागे पडली, एक हात कमरेवर. शेजारच्या दोघींनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आपापल्या बाटल्यांकडे वळल्या. जनी पदर खोचून धावली आणि विठाच्या बाटल्या ओढू लागली. विठाने तिचा हात हळूच बाजूला केला. रागाने केला असता तर जनीला इतकं लागलं नसतं.

"राहू द्या, मॅडम," विठा म्हणाली. "माजं मी करते. सवय झाली आता."