इंगोले सरांचा घसा

स्टाफरूममध्ये किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. कपाटातल्या जुन्या उत्तरपत्रिकांसारखे ते आपोआप साचतात. कुणी आवरायला घेतलं की एखादा हाताला लागतो आणि आवरणं तसंच राहून जातं. आमच्या रिठदकडच्या शाळेत मात्र निम्मे किस्से एकाच माणसाच्या एकाच अवयवाचे आहेत. माणूस म्हणजे गणिताचे इंगोले सर आणि अवयव म्हणजे त्यांचा घसा!

सर वाक्यावाक्याला खाकरायचे. "समजा, क्ष बरोबर... ख्खं... पाच." सर्दी नाही, खोकला नाही, तंबाखूच्या खर्ऱ्याला तर बोटही कधी लावलं नाही. तरी घशात काहीतरी अडकलंय असं त्यांना सारखं वाटायचं, आणि ते काढायला खाकरणं सुरू. वर्षानुवर्षं!

* * *

व्हरांड्याच्या टोकाला सर खाकरले की इकडे आठवीचा वर्ग चिडीचूप. एकदा सर रजेवर होते. हेडसर राउंडला निघाले, तर आठवीत ही शांतता! हेडसर खूश.

"पाहा, याले म्हंतात शिस्त. सर नाईत, तरी पोट्टे गणितं सोडवून राह्यले!"

आत डोकावतात तर फळ्याजवळ वर्गाची मॉनिटर उभी. कुणी चुळबुळ केली की ही पोरगी हुबेहूब सरांसारखं खाकरायची. हेडसर रागवायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती सवयीनं पुन्हा खाकरली.

हेडसरही गप्प झाले!

* * *

औषध सांगायला डिग्री लागत नाही. विज्ञानाच्या मॅडमनी ज्येष्ठमध दिला, क्लार्कनं लवंग, शिपाई गजाननभाऊंनी अडुळशाचा काढा, आणि मी हळद-मिठाच्या गुळण्या सांगितल्या. सर पडले भिडस्त. कुणाचंच मन मोडवेना, म्हणून त्यांनी सगळं एकाच दिवशी घेतलं.

दुसऱ्या दिवशी रजा. तिसऱ्या दिवशी भिंतीला धरत आले आणि म्हणाले, "घसा तं तसाच हाय. पोट तेवढं रिकामं केलं तुमी लोकायनं!"

* * *

माझ्या भाचीच्या लग्नाची बैठक किन्हीराजाला होती. आपल्या बाजूनं एखादा वजनदार माणूस असावा म्हणून सरांना नेलं. बोलणी रंगात आली आणि मुलाचा मामा म्हणाला, "लग्न झाल्यावर पोरीनं नोकरी सोडावी, असं आमचं म्हननं हाय."

सर खाकरले.

आता बैठकीत जाणता माणूस खाकरला की त्याला अर्थ असतो. मामा गडबडला. "म्हंजे तिची मर्जी असंन तं करू द्या नं. पण घरचं सारं पाहून..."

सर पुन्हा खाकरले.

"नाई नाई, घरचं काय, आमी सारे मिळून पाहू!"

परतताना मी सरांचा हात धरला. "सर, तुम्ही आज पोरीचं आयुष्य सावरलंत."

"मी काय केलं? मी तं पानी मागाव मागाव करून राह्यलो व्हतो!"

भाची आजही नोकरीवर जाते. दिवाळीचा पहिला डबा सरांच्या घरी.

* * *

आमचे जुने मुख्याध्यापक वारले तेव्हा शाळेच्या मैदानात शोकसभा झाली. मौन सुरू झालं आणि सर खाकरले. मागच्या रांगेतली पोरं फिसकन हसली. पुन्हा आवाज निघू नये म्हणून सरांनी रुमालाचा बोळा तोंडात कोंबला. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी. मौन संपलं तेव्हा सर जागेवर नव्हते.

हापशामागे सापडले. मी काहीतरी चेष्टेचंच बोलणार होतो, पण त्यांनीच विचारलं, "मी काय मुद्दाम करून राह्यलो का रे?"

"मग डॉक्टरला दाखवत का नाही?"

"दादाचं असंच सुरू झालं व्हतं."

त्यांचा मोठा भाऊ घशाच्या कॅन्सरनं गेला, हे मला माहीत होतं. हे नव्हतं माहीत की सर त्या दिवसापासून आपल्या घशाला भीत होते. "दाखोलं का मंग ते खरं होते," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

* * *

सरळ सांगून हा माणूस येणार नाही, हे उघड होतं. म्हणून मी थाप मारली. "सर, माझाच घसा धरलाय. वाशीमला डॉक्टरकडे जायचंय, सोबत चला." भिडस्त माणूस, आला!

मी आत जाऊन आ वासून बसलो. बाहेरच्या बाकावर सर खाकरले. थोड्या वेळानं पुन्हा खाकरले. डॉक्टर मॅडमनी टॉर्च बंद केला.

"तुमचा घसा ठणठणीत आहे. पेशंट बाहेर बसलाय, त्यांना आत पाठवा!"

मॅडमनी बारीक नळीच्या कॅमेऱ्यानं सरांचा घसा नीट पाहिला. गाठ नाही, जखम नाही. पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतंय, म्हणाल्या. छातीत जळजळ होतेच असं नाही, नुसतं काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. खाकरलं की घसा सोलवटतो, सोलवटला की आणखी कफ धरतो, की पुन्हा खाकरा! गोळ्या दिल्या. जेवण लवकर, चहा कमी, खाटेची उशाकडची बाजू उंच. आणि खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी प्यायचं, नाहीतर आवंढा गिळायचा. खाकरायचं नाही.

"म्हंजे... ते नाई?" सरांनी विचारलं.

"ते नाही."

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी भिंतीवरचं कानाचं चित्र बघत राहिलो.

बाहेर पडल्यावर सरांचं पहिलं वाक्य, "चाल, या खुशीत चहा पिऊ!"

* * *

गणिताचा माणूस. खाटेचा कोन बरोबर काढून त्यानं उशाकडच्या पायांखाली विटा रचल्या. काही दिवसांनी मी विचारलं, "कसं काय, सर?"

"घशाले लय आराम हाय. पण सकायी उठतो तं मी न बायको, दोघंही पायथ्याशी गोया झालेले!"

हळूहळू खाकरणं थांबलं. आता आठवीचा वर्ग सर दारात येईपर्यंत बोंबलत असतो.

* * *

एक किस्सा मात्र मी स्टाफरूममध्ये कधी सांगितला नाही. वाशीमहून परतलो, त्याच दिवसाचा.

सरांची माय म्हातारी, ठार बहिरी. चहा घ्यायला तिला हाक मारली तर शेजारीपाजारी यायचे, तिला पत्ता नसायचा. एक लेक घशानं गेलेला, म्हणून दवाखान्याचं तिला कुणी कळू दिलं नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा ती ओसरीत तूर पाखडत बसली होती. सर चपला काढून गुपचूप आत निघाले.

म्हातारीनं सुपातून मान वर केली नाही. "काय म्हने डाक्टर?"

सर जागच्या जागी थांबले. मग तिच्यासमोर बसले.

"काई नाई निंघालं, माय."

हे त्यांनी ओरडून सांगितलं नाही. म्हातारी आता त्यांच्या ओठांकडे बघत होती. सूप थांबलं. म्हातारीनं पदरानं डोळे पुसले.

"मंग घरात तोंड दाबून दाबून कायले खाकरतं रे? खाकर नं मोठ्यानं!"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मॅडमच्या गोळ्यांची पुडी त्यांच्या हातातच होती.

आणि सर खाकरले. असे खाकरले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली!

"आनखी," माय म्हणाली.