वाऱ्यासमोरची चाल

जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला वर आणि खाली सोडून तिसरी दिशा ठाऊक नसते, असं मिस्त्रीची बायको म्हणायची. ते काही खरं नव्हतं. रविवारी दुपारी हा माणूस समुद्रावर असायचा. समुद्र म्हणजे शिंप्याच्या दुकानातलं कापड बेतायचं टेबल, त्यावर पसरलेलं निळं अस्तर आणि अस्तरावर काडेपेटीएवढी शिडाची लढाऊ जहाजं. जहाजं मिस्त्रीनं कोरलेली, शिडं शिंप्यानं शर्टाच्या चिंध्यांतून शिवलेली, तोफा फाशांवर चालायच्या. केस पिकलेली दोन माणसं एकमेकांची आरमारं बुडवतात, हे पोरकट असेलही. जगात याहून वाईट उद्योग करणारे पुष्कळ आहेत.

त्या रविवारी मिस्त्री आला तो अंगात त्राण नसल्यासारखा. आठवडाभर लिफ्टच्या काळोख्या बोळात लोंबकळून गुडघे कुरकुरत होते, साहेब डाफरत होता आणि घरी सासू अंथरुणाला खिळलेली. त्याला फक्त टेकायचं होतं. पण शिंप्याच्या बायकोनं दारातच गाठलं.

"भाऊजी, डॉक्टर म्हणाले, यांचं विसरणं आता वाढतच जाणार. परवा एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. यांना अजून नीट सांगितलेलं नाही. तुम्ही जरा सांभाळून घ्या."

"घेतो, वहिनी."

दुसरं काय म्हणणार? लिफ्ट सांभाळा, साहेब सांभाळा, सासू सांभाळा. कुणालाही सांभाळायचं नाही अशी ह्या टेबलाएवढीच जागा उरली होती, तीही गेली.

कारण टेबलाचा कायदा कडक होता. वारा कुठून कुठे वाहतो ते खडूच्या बाणानं दाखवायचं. शिडाचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, त्याला तिरकं तिरकंच जावं लागतं. कुणी सरळ नेलंच, तर समोरच्यानं तिथल्या तिथे पकडायचं, जहाज माघारी ठेवायला लावायचं आणि वर तोफा डागायच्या. गय करायची नाही.

चार-पाच चाली नीट झाल्या. मग शिंप्यानं आपलं सगळ्यात मोठं जहाज उचललं आणि बाणाच्या उलट, थेट वाऱ्याच्या तोंडावर नेऊन ठेवलं.

मिस्त्रीला ते दिसलं. त्यानं आपलं एक लहानसं जहाज निमूटपणे पुढे सरकवलं.

शिंपी हलला नाही. त्यानं बाणाकडे पाहिलं, जहाजाकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे.

"दिसलं होतं ना तुला?"

"काय?"

"माझं पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा खाटेवर पट मांडून माझी जहाजं बुडवलीस तू. जन्मात माझी एक चूक सोडली नाहीस. आज सोडलीस." त्याचा आवाज बारीक झाला. "म्हणजे बरंच वाईट आहे तर."

मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती माया होती म्हणावं, तर निम्मा त्यात कंटाळाच होता. बोलण्यापेक्षा गप्प बसणं सोपं पडलं, एवढंच. कोपऱ्यात काजं करत बसलेल्या वहिनींची सुई थांबली. त्या डोळ्यांनीच 'नको' म्हणत होत्या.

"चूक," मिस्त्री म्हणाला. "वाऱ्याच्या तोंडावर गेलास. ठेव मागे."

शिंप्यानं जहाज मागे ठेवलं. मिस्त्रीनं फासे टाकले.

"डोलकाठी गेली तुझी."

"मेल्या, दयामाया नाही तुला," शिंपी म्हणाला आणि त्यानं स्वतःच्या हातानं डोलकाठी उपटून बाजूला ठेवली. पण आता तो ताठ बसला होता. थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं, "आणि एक दिवस वारा म्हणजे काय, हेच विसरलो तर?"

मिस्त्रीला फार फार थकवा आला. इथून उठून घरी जावं, सासूच्या खाटेशेजारी जमिनीवरच आडवं व्हावं, असं वाटलं.

"तेव्हाचं तेव्हा," तो म्हणाला. "आत्ता माझ्या तोफा भरल्यात."

शिंपी खुर्ची पुढे ओढून, उरलेली जहाजं कशी वाचवायची याचा विचार करू लागला.