विंगेतला आवाज

जबलपूरच्या मराठी माणसाला वर्षातून एक नाटक लागतंच, पाठांतर मात्र नको असतं. आमच्या मंडळात तरी याचं कारण माझी आई होती. गणपतीतल्या नाटकाला ती विंगेत स्टूल टाकून बसायची आणि मांडीवरच्या वहीतून पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत सगळं नाटक कुजबुजत सांगायची. कारखान्यातले साहेब, बँकेतले, शाळेतल्या बाई, सगळे तिच्या भरवशावर स्टेजवर चढायचे. 'काकू आहेत ना' एवढीच त्यांची तयारी. आई नुसती वाक्यं नाही, हालचालीसुद्धा सांगायची. 'आता बस. पाणी पी. रड.' पहिल्या दोन रांगांना ते सगळं ऐकू जायचं आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे.

खरं तर आईला स्वतःला काम करायचं होतं. नागपूरला शाळेत असताना तिनं केलंही होतं. लग्न होऊन इथे आल्यावर आजोबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, सांगून टाकलं की आपल्या घरची सून तोंडाला रंग फासून चार लोकांपुढे उभी राहणार नाही, आत बसून काय मदत करायची ती करावी. आई आत बसली. पुढे आजोबा गेले, बाबाही गेले, तरी आता बाहेर या असं तिला कुणी म्हटलं नाही. आत बसणारं माणूस सगळ्यांच्या सोयीचं असतं, त्याला कोण कशाला उठवतंय?

मग मंडळाचं अमृतमहोत्सवी वर्ष आलं. अध्यक्षांनी कुणाच्या तरी लग्नात एलईडी वॉल पाहिली होती आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही दिसतच नव्हतं. नेहमीचा छोटा हॉल रद्द झाला, मोठं सभागृह ठरलं, भोपाळहून पाहुणे ठरले. साउंड-लाईटवाल्याशी बोलायचं काम माझ्या गळ्यात आलं, कारण काय, तर मी सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसते. साउंडवाला कोणता घ्यायचा हे मात्र मला कुणी विचारलं नाही. ज्याची वॉल लग्नात पाहिली होती, तोच.

तो इथलाच, गढा भागातला. तिशीतला, गोड बोलणारा, दर वाक्याला 'दीदी'. मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं की भैया, हे नाटक आहे, डीजे नाही, एकदा तालीम बघून जा, कोण कुठे उभं राहतं ते बघ आणि मग माइक ठरव. तो म्हणाला, "हो जाएगा दीदी, टेंशन मत लो." या लोकांचं 'हो जाएगा' काय असतं ते ज्यानं कधी कार्यक्रम केला आहे त्यालाच ठाऊक. तालमीला बोलावलं की कधी सिहोऱ्याला लग्न निघायचं, कधी कुंडमला कुणाची सभा. शेवटी प्रयोगाला दोन आठवडे उरले असताना, सभागृहातल्या पहिल्या तालमीला तो गाडीभर सामान घेऊन उगवला.

त्यानं वरून माइक टांगले, स्टेजच्या दोन्ही कडांना खाली चपटे माइक ठेवले. तालीम सुरू झाली आणि सभागृहातल्या सगळ्या स्पीकरांमधून आईचा आवाज आला, "ये, आत ये. तिकडे नाही रे, खुर्चीकडे जा." मग नायक खुर्चीकडे गेला. मग आईनं वाक्य सांगितलं आणि पाठोपाठ तेच वाक्य नायकानं म्हटलं. असं पाच मिनिटं चाललं. लोक हसून हसून बेजार झाले. आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होती, आणि ते हसूही स्पीकरमधून ऐकू येत होतं.

अध्यक्ष हसले नाहीत. "वो प्रॉम्प्टिंग की आवाज़ काटो," ते साउंडवाल्याला म्हणाले. तो म्हणाला, कडेचे माइक बंद केले तर तिथे उभे राहणारे कलाकारही ऐकू येणार नाहीत. मी म्हटलं, मग सगळ्यांनी पाठ करा की, दोन आठवडे आहेत. मी जणू आईबहिणीवरून शिवी दिली असावी अशा नजरेनं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात साउंडवाल्यानंच तोडगा काढला. "ट्रैक बना लो दीदी, आजकल सब ट्रैक पे ही करते हैं." म्हणजे अख्खं नाटक आधी रेकॉर्ड करायचं आणि प्रयोगात कलाकारांनी नुसते ओठ हलवायचे. ठरून गेलं. आईला कुणी विचारलं नाही. तिचं काम संपलं, हे तिला इतरांबरोबरच कळलं.

रेकॉर्डिंगला मात्र तिला बोलावलं, सवयीनं. साउंडवाल्याच्या गोदामामागे एक खोली होती, भिंतींना फोम, आवाज नको म्हणून पंखा बंद. बाकीच्यांनी समोर ठेवून वाचलं आणि कसंबसं निभावलं. अडलं नायिकेपाशी. नायिका अध्यक्षांची सून. पोरगी चांगली, पण इथेच वाढलेली, मराठी सगळं कळतं, बोलायला गेली की दोन वाक्यांत हिंदीत शिरते. माइक समोर आला की ती तिसऱ्याच शब्दाला अडायची. शेवटी ती रडकुंडीला आली. "मुझसे नहीं होगा काकू, तुम्हीच बोला ना," ती म्हणाली. साउंडवाल्यानं घड्याळ बघत मान हलवली, "हाँ आंटी जी, आप ही बोल दो."

आईनं माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढून वहीसकट माझ्या हातात दिला आणि माइकसमोर उभी राहिली. आणि मोठ्यानं बोलली. मी पन्नाशीला आलेली बाई, पण आईला इतक्या मोकळ्या आवाजात बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. तिसऱ्या अंकात नायिका घर सोडून जाते, तो प्रवेश झाल्यावर त्या पोरीनंच टाळ्या वाजवल्या. परत येताना ऑटोत आई म्हणाली, "कसं झालं गं? खरं सांग." दोन दिवसांनी मेथी निवडता निवडता तिनं विचारलं, "नाव सांगतील का गं माझं स्टेजवरून?" आणि लगेच स्वतःच ओशाळून म्हणाली, "नाही सांगितलं तरी काही नाही म्हणा."

मी त्याच दुपारी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "अहो ताई, नाव घेतलं तर ट्रॅक आहे हे लोकांना कळून जाईल ना. आमच्या सूनबाईचं कसं दिसेल ते? तुम्ही समजून घ्या." समजून घ्या, हे आमच्या मंडळात नेहमी ठरावीक घरांनाच सांगितलं जातं.

मी समजून घेतलं नाही. नाटक संपल्यावर एलईडी वॉलवर कलाकारांचे फोटो दाखवायचे होते. मी साउंडवाल्याला आईचा एक चांगला फोटो पाठवला, खाली 'नायिकेचा आवाज' आणि आईचं नाव. त्यानं कबूल केलं. "एक ही तो स्लाइड है दीदी, हो जाएगा." आईला मी मुद्दाम काही बोलले नाही.

प्रयोगाच्या संध्याकाळी आई आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षकांत बसली. ठेवणीतली साडी नेसली होती. पुढच्या रांगा पाहुण्यांच्या म्हणून आम्ही बरेच मागे होतो. शेजारी आमच्याच कॉलनीतल्या एक काकू, ज्यांनी तरुणपणी आईच्या प्रॉम्प्टिंगवर दोन-तीन नाटकं मारून नेली होती. नाटक रंगलं. सून स्टेजवर ओठ हलवत होती आणि इथे अंधारात आईचेही हलत होते. तिसऱ्या अंकात काकूंनी डोळे पुसले. "काय आवाज लागलाय हो पोरीचा!"

"हो ना," आई म्हणाली.

पडदा पडला आणि वॉलवर फोटो सुरू झाले. मी आईचा हात धरला, "आता बघ." नायक आला, नायिका आली, नेपथ्य, रंगभूषा, पाहुणे, अध्यक्ष, पुन्हा अध्यक्ष. शेवटी साउंडवाल्याच्या फर्मचं नाव आणि मोबाइल नंबर, भिंतभर. तो नंबर बराच वेळ तसाच राहिला.

"काय बघू?" आईनं विचारलं.

मी उठून सरळ मागे मिक्सरपाशी गेले. तो वायर गुंडाळत होता, त्यानं वर पाहिलं नाही. "अध्यक्ष जी ने दोपहर में ही हटवा दी दीदी. मुझे तो अगले साल भी काम चाहिए ना." मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आजही तो बाजारात दिसला की तेच पुन्हा बोलावंसं वाटतं, आणि अध्यक्ष दिसले की त्याहून वाईट.

परत येऊन बसले तर आभारप्रदर्शन चाललं होतं. पाहुणे, मंडपवाला, केटरर, जनरेटरवाला, आणि 'ज्या ज्ञात-अज्ञात हातांनी सहकार्य केलं ते सर्व'. आईनं टाळ्या वाजवल्या. मग उत्कृष्ट अभिनयाचं स्मृतिचिन्ह सुनेला मिळालं. तिच्या हातात माइक दिला. "थँक्यू, सबका आशीर्वाद ऐसे ही बना रहे," ती म्हणाली. बारीक, चिरका आवाज. थोड्या वेळापूर्वी याच स्पीकरमधून घुमलेल्या आवाजाशी त्याचं काडीचं नातं नव्हतं. सभागृहात कुणी दचकलं नाही. तितक्याच जोरात टाळ्या पडल्या. स्टेजवरच्यांना माहीत होतं, तेही टाळ्या वाजवत राहिले. खाली बसलेल्यांपैकी निम्म्यांनी वर्षानुवर्षं आईचाच आवाज कानात घेऊन कामं केली होती, त्यांनाही तो ओळखू आला नाही.

उठता उठता शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "बरं झालं बाई, यंदा तुम्हाला काही काम नव्हतं. निवांत बघायला मिळालं."

"हो, मस्त बसून राहिली मी," आई म्हणाली.

मी तोंड उघडलं तशी आईनं माझा दंड धरला. "काहून भांडून राहिली तू? चल."

फाटकाबाहेर ऑटोची वाट बघत आम्ही उभ्या राहिलो. लोक नाटकाबद्दल बोलत आमच्या बाजूनं जात होते. आई थोडा वेळ त्यांचं बोलणं ऐकत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागपर्यंत नीट ऐकू येत होतं ना गं?"

"शेवटच्या रांगेपर्यंत," मी म्हटलं.