शिवलेल्या टायरची चाकोरी

आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. वडूजला माझं दुकान होतं, सायकली भाड्यानं द्यायचं आणि दुरुस्तीचं. महिन्यातून एखादं तरी गिऱ्हाईक घाबरंघुबरं येऊन सांगायचं, की ओढ्यापाशी आलं की सायकल जड होते, कोणीतरी कॅरिअरवर बसतं. मी मागचं चाक उचलून फिरवायचो. ब्रेकचा गुटका रिमला घासत असायचा. पान्यानं नट सैल केला की भूत उतरलं! अशी कितीतरी भुतं मी फुकटात उतरवून दिली आहेत. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी माझी हरकत नाही... तुमच्या जागी मीही हसलो असतो.

साल १९७५. होळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, फौजेतून सुट्टीवर आला होता. आठवड्यानं त्याला परत हजर व्हायचं होतं, आणि या खेपेला हातावर बढतीची फीत चढणार हे नक्की होतं. आमची जमीन कोरडवाहू, ती असून नसल्यासारखी. फौज हेच दादाचं सगळं होतं. आणि वेड म्हणाल तर एकच – उतारावरून सायकल सोडायची! तिकडं पहाडात टपालाची सायकल घेऊन तो म्हणे पायवाटांनी उतरायचा.

आमच्याकडे तसा उतार एकच. वडूजपासून पाचेक मैलांवरच्या डोंगरावर मोठ्या दुष्काळात सरकारी कामातून रस्ता काढलेला होता. पुढं पाऊस झाला, काम बंद पडलं आणि रस्ता माथ्यावर जाऊन तसाच संपला. वर ना गाव, ना देऊळ. मेंढरं सोडली तर त्या रस्त्याला कुणी फिरकत नसे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सात वळणं. आतल्या अंगाला डोंगर, बाहेरच्या अंगाला नुसती लोटलेली माती.

आदल्या दिवशी आम्ही दुकानात सायकली निवडायला बसलो. दादाची नजर गेली नव्या, डायनॅमोवाल्या सायकलीवर.

"ही दे की रं. लय झ्याक हाय."

"वरातीला निघालायस व्हय?" मी म्हणालो. "चोवीस इंची हाय ती. घसरलास तर पाय कुठं टेकशील?"

शेवटी मी त्याला बावीस इंची, डबल दांडीची जुनी सायकल काढून दिली. मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड, घंटी, खडखडणारं सगळं उतरवलं. सीट खाली घेतली, ब्रेकना नवे गुटके घातले. मागचा टायर एका जागी फाटलेला होता, पण त्याचं रबर जाड आणि खाचा खोल होत्या. खडीवर तोच धरणार होता. आतून जुन्या टायरचा तुकडा लावून मी तो दाभणानं शिवला. पाच टाके. चाकाच्या दर फेऱ्याला मातीत त्या पाच टाक्यांचा ठसा उमटायचा. असा टायर उभ्या तालुक्यात दुसरा नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगतो.

सकाळी सातच्या सुमारास सायकली ढकलत आम्ही माथ्यावर पोचलो. माझ्यासाठीही मी तशीच मोकळी केलेली सायकल आणली होती, टायर मात्र साधे, शाबूत. रस्त्यावर बोटभर मऊ धूळ होती. पुढच्याचा धुरळा मागच्याच्या डोळ्यांत जायचा, म्हणून एकदम सुटण्यात अर्थ नव्हता.

"धुरळा बसला की मग सूट," दादा म्हणाला. "आन माझ्या चाकोरीतनं चाक भाईर काढू नगंस. खड्डं बघायचं काम माझं, तू फकस्त मागनं यायचं."

तो सुटला. पहिल्या वळणाआड गेला आणि ब्रेकचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला. मग तोही थांबला. मी धुरळा बसेपर्यंत थांबलो आणि पाय उचलले.

पहिली दोन वळणं मजेत गेली. दादाची चाकोरी समोर स्पष्ट होती... थोड्या थोड्या अंतरावर पाच टाके, पुन्हा पाच टाके. दोन्ही वळणं त्यानं बाहेरच्या कडेनं, ऐटीत मारली होती. तिसरं वळण मात्र जास्त उताराचं आणि अरुंद. तिथं धुरळा अजून तरंगत होता. आणि तिथं चाकोरी एकदम आत वळली – अगदी डोंगराला खेटून, खडीच्या ढिगाऱ्यावरून. मला नवल वाटलं. दादा आणि आतून? पण सांगितलं होतं ना, चाकोरी सोडायची नाही! मी हँडल आत दाबलं. कोपर खडकाला घासून सोललं. नजर सगळी त्या पाच टाक्यांवर. बाहेरच्या बाजूला मी पाहिलंसुद्धा नाही.

पुढची चार वळणं त्याच चाकोरीनं मी खाली आलो. पायथ्याला मेंढक्यांचा तळ होता. तिथल्या लिंबापर्यंत चाकोरी गेली आणि संपली. दादा नव्हता. सायकलही नव्हती.

मला वाटलं, लपलाय. त्याला खोड होती तशी. मी सायकल टेकवली आणि ओरडलो, "बास झालं आता, ये भाईर!" काही नाही. तळावरच्या एका वयस्क मेंढक्यानं हसत हसत ताकाचा पेला पुढं केला. मी तो पीत बसलो. अर्धा तास, कदाचित जास्तच... त्या अर्ध्या तासाची मला आजही चीड येते.

शेवटी मी विचारलं, "आवं मामा, माझा भाऊ कुठल्या अंगाला गेला?"

"कंचा भाऊ?"

"माझ्या म्होरं सायकलीवरनं उतरला की!"

मेंढक्याचं हसू गेलं. "येकच सायकल उतरली, गड्या. तुजी. सकाळधरनं मी हितंच बसलोय."

मी मातीत पाहिलं, तर लिंबाजवळ माझ्याच चाकाची रेघ होती. टाका एकही नाही. सायकल तिथंच टाकून मी रस्त्यानं वर पळत सुटलो. मेंढका आणि आणखी दोघं माझ्यामागे आले. सातवं वळण, सहावं, पाचवं... सगळीकडे एकच रेघ, साध्या टायरची. मनात म्हटलं, माझ्याच चाकाखाली ठसे बुजले असतील. असं म्हणत तिसऱ्या वळणावर पोचलो.

वळणाच्या वरच्या अंगाला टाके होते. माझं चाक त्यांच्यावरूनच गेलं होतं, तरी जागोजागी दिसत होते. पण तिथून ते आत वळलेच नव्हते. सरळ बाहेरच्या कडेला गेले होते, आणि ती कड हातभर रुंदीनं ताजी खचलेली होती.

खाली दहा-बारा हातांवर दादा पडला होता. सायकलीचं चाक पिळवटून इंग्रजी आठासारखं झालेलं, आणि पाय तिच्या दांडीत आणि धोंड्यात अडकलेला. शुद्धीवर होता. मला बघून पहिलं वाक्य काय बोलला असेल?

"हाका मारल्या की रं, दत्तू. गेलासच की म्होरं."

मी रडायला लागलो. म्हणालो, ऐकू आलं नाही, देवाशपथ. ब्रेक किंचाळत होते, खडी उडत होती... खरं असेलही ते.

मग तो म्हणाला, "आन तुझ्या म्होरं त्यो कोण हुता?"

माझ्यापुढं कोणी नव्हतं. दादाचं म्हणणं, होता. त्यानं खालून दोन सायकली जाताना पाहिल्या. पुढच्याची पाठ तेवढी दिसली, आणि मागं चाक लावून मी.

मेंढक्यांनी घोंगडीची झोळी करून त्याला खाली आणलं. तिथून बैलगाडीनं वडूज, मग जीपनं सातारा. पाय वाचला, गुडघा कायमचा ताठ झाला. काही महिन्यांनी फौजेनं त्याला मेडिकलमध्ये नापास ठरवून कायमचं घरी पाठवलं. वर्षभर तो माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलला नाही. त्याच्या मनात एकच होतं, मी कोणाबरोबर तरी शर्यत लावली आणि त्याला टाकून पुढं गेलो. मी हजारदा सांगितलं. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्याला काय समजावणार?

मी पुढं कित्येकदा त्या वळणावर जाऊन आलो. वेगात नजर चुकते, हे मला कळतं. दुखण्याच्या कळेत माणसाला भलतंच दिसतं, तेही कळतं. पण मला चाकोरी दिसली आणि त्याला माणूस दिसला, दोन्ही एकाच जागी. ते कसं, हे कोणी सांगितलं तर मी त्याचे पाय धरीन.

गेल्या वर्षी दादाच्या घरी गेलो होतो. अंगणात तो पाय लांब करून बसला होता. आपणहूनच म्हणाला, "तुझं खरं असंल. तुला दिसला नसंल त्यो."

इतक्या वर्षांनी त्यानं हे म्हटलं!

"तू माझ्यावानी कडंनं आला असतास, तर माझ्याच अंगावर पडला असतास," तो म्हणाला. "त्यानं तुला आतनं काढलं, सुखरूप उतरवलं. ब्येस केलं."

मी मान हलवली. दादानं ताठ गुडघ्यावरून हात फिरवला. मग अगदी हळू, मला न विचारता जणू रस्त्यालाच विचारावं तसं म्हणाला, "पर मी तर तुझ्या आधी गेलो हुतो, दत्तू. मग माझ्या येळंला त्यो कुठं हुता?"