स्वयंपाक्याचा कोरडा एप्रन

चार दिवस आभाळ पिळायच्या राहिलेल्या चादरीसारखं लोंबत होतं. धड बरसून मोकळं होत नव्हतं, की ऊन चवीपुरतंसुद्धा देत नव्हतं. दमट हवा गल्लीत चिवट पाहुण्यासारखी ठाण मांडून बसली होती. त्या रविवारी सकाळी सातला लाँड्रीवाल्या मावशी गच्चीवर गेल्या आणि दोऱ्यांवरचे कपडे एकेक करून गालाला लावू लागल्या. कापड वाळलं का, हे त्या हातानं बघत नसत. हात सदाचेच ओले, ते काय सांगणार? गाल खोटं बोलत नाही. कॉलर गार लागली, पँटचा खिसा त्याहून गार.

"मेलं हे आभाळ," म्हणून त्या हात हलवत खाली आल्या. इस्त्रीला एक रुमाल म्हणून नव्हता.

खाली रस्त्याच्या अंगाला दुकान, त्याच्या मागे एक खोली. खोलीत टीव्ही, टीव्हीसमोर इस्त्रीचं टेबल, टेबलाला खेटून खुर्ची आणि खुर्चीत मावशींचा नवरा. त्यानं तीस वर्षं बस चालवली होती, म्हणून गल्लीचा तो ड्रायव्हरकाका. काचबिंदूनं आधी कडेचं दिसेनासं केलं, मग मधलं. पुरतं अंधारून आलं त्याला आता सहा वर्षं झाली. पहिलं वर्ष काका भिंतीकडे तोंड करून बसले. जेवा म्हटलं की जेवायचे, निजा म्हटलं की निजायचे.

एका दुपारी मावशी इस्त्री करता करता मारामारीचा सिनेमा बघत होत्या आणि सवयीनं आपल्याशीच बडबडत होत्या. "आता हा मारतोय गच्चीवरून उडी. बुटाची लेस सुटलीय, शुद्ध आहे का बघा."

भिंतीकडचं तोंड वळलं. "कुठल्या पायाची?"

"डाव्या."

"पडेल मग."

तो काही पडला नाही, पण काका परत भिंतीकडे वळले नाहीत. तेव्हापासून घरात सिनेमा असा चालायचा: मावशी बघणार, काका ऐकणार, आणि मधल्या मोकळ्या जागा मावशी तोंडानं भरणार.

मावशींची मतं मात्र सगळी कापडातून आलेली. लग्नानंतर बावीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या धुलाईखात्यात काढली होती, त्यामुळे डागाच्या बाबतीत त्यांना कुणी शिकवायला जाऊ नये. जंगलात खजिना शोधणारा नायक तीन दिवस चिखलातून रांगला की त्या इस्त्री थांबवून म्हणायच्या, "अहो, ह्याच्या कोपराला चिखल आहे आणि गुडघ्याला नाही. रांगला की सरपटत गेला, काय समजायचं माणसानं?" सिनेमातल्या रक्ताची तर त्यांना चीड होती. रक्त तासाभरात तपकिरी पडतं, ह्यांचं तीन दिवस टोमॅटोसारखं लाल. आणि ते अंगाला चिकटलेले कपडे घालून उडणारे, जगबिग वाचवणारे लोक आले की त्या कपाळाला हात लावायच्या. "एवढी इमारत अंगावर कोसळली, पाठीवरच्या त्या लांब फडक्याला सुरकुती नाही. घरी इस्त्री कोण करतं ह्याची? आई दिसत नाही, बायको दिसत नाही."

"तुझ्यासारखी कुणीतरी असेल की बिचारी, मागच्या खोलीत," काका म्हणायचे.

काकांची मतं कानांची. गाडी दोनशेच्या वेगानं पळतेय असं दाखवलं की ते फिस्सकन हसायचे. "दुसऱ्या गिअरात रडतेय ती. इंजिन फुटेल रे बाबा, बदल गिअर."

दर सोमवारी सकाळी काका काठी टेकत कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढीला जायचे. सलूनवाला साबण लावता लावता विचारायचा, "काका, काल काय बघितलं?" बघितलं म्हणायचा तो, ऐकलं कधीच नाही. मग काका सिनेमा सांगायचे, नंबरात थांबलेली गिऱ्हाइकं ऐकायची, वाद घालायची. दाढीला लागायची दहा मिनिटं, काका दीड तासानं घरी यायचे. आले की दोन घास जास्त जेवायचे.

आता ह्यात एक गोम होती. मावशींना भुताचे सिनेमे सोसत नसत. रक्ताला त्या भीत नव्हत्या, रक्त त्यांनी घमेली भरभरून धुतलं होतं. त्यांना भीती होती ती दार हळूहळू उघडण्याची. दार करकरायला लागलं की त्या डोळे घट्ट मिटून घेत. सुरुवातीला एकदा त्यांनी कबूल केलं होतं, "मला नाही बघवत." काका लगेच म्हणाले होते, "राहू दे मग, बंद कर," आणि संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड. त्यानंतर मावशींनी कबूल करायचं सोडलं. डोळे मिटलेले असले तरी तोंड चालू ठेवायचं, मनानं दोन-चार वाक्यं जोडायची, डोळे उघडले की पुढचा धागा पकडायचा. पाच वर्षं बेमालूम चाललं होतं.

त्या दमट रविवारी लावला तो जहाजाचा सिनेमा. समुद्रात भरकटलेलं जुनं जहाज, त्यावर वादळातून जीव वाचवून चढलेली सात माणसं आणि जहाजावरचा म्हातारा स्वयंपाकी. इस्त्रीला काही नव्हतं म्हणून मावशी एका कोटाची बटणं लावत बसल्या होत्या.

"सगळे चिंब भिजलेत," त्या सांगत होत्या, "छपरातून धार लागलीय, आणि ह्या स्वयंपाक्याचा एप्रन बघा. कोरडा ठणठणीत! वर कडक इस्त्री. अहो, वाफेच्या स्वयंपाकघरात पाच मिनिटांत लोळागोळा होतो एप्रनचा. कसली अक्कल नाही ह्या सिनेमावाल्यांना."

"पण माणूस कसा आहे?"

"माणूस बरा दिसतो. सगळ्यांना कोठीकडे जाऊ नका म्हणतोय."

शेवटाकडे कोठीचं दार करकरू लागलं आणि मावशींनी डोळे मिटले. बोलणं कुणाचंच नाही, नुसता वारा आणि लाकडाचा आवाज. मावशींनी मनानंच ठोकून दिलं, "स्वयंपाक्यानं कोठीत शिरून आतून कडी घातली." चार मिनिटांनी डोळे उघडले तर सकाळ झालेली, होडी, होडीत घोंगडीत गुरफटलेलं कुणीतरी. "वाचला बाई स्वयंपाकी," त्या म्हणाल्या आणि दोरा दातानं तोडला.

सोमवारी काका पंधरा मिनिटांत परत आले. दाढी अर्धवट, एका कानाजवळ साबण वाळलेला. खुर्ची ओढली ती भिंतीकडेच.

"काय झालं?"

"काही नाही. टीव्ही लावू नकोस आज."

काय झालं ते दुपारी कळलं. सलूनवाला धुवायच्या टॉवेलचं गाठोडं घेऊन आला आणि दुकानाच्या फळीवर ठेवून कुजबुजला, "मावशी, काका रागावलेत का हो?"

"तू काय बोललास त्यांना?"

"मी कशाला बोलू? काका म्हणाले, त्या जहाजावर शहाणा माणूस एकच, स्वयंपाकी. म्हणून वाचला. सगळे हसायला लागले. अहो मावशी, भूत तोच आहे! तीस वर्षांपूर्वी बुडून मेलेला. सिनेमा आहेच तेवढ्यासाठी." त्यानं गाठोड्याची गाठ सोडली. "एक नवीन गिऱ्हाईक होतं. ते म्हणालं, दिसत नाही तर सिनेमाच्या गप्पा कशाला मारायच्या? काका उठलेच. मी हात धरला तर झिडकारला."

मावशींनी टॉवेल मोजले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमले. आतल्या खोलीत भिंतीकडे बसलेली पाठ त्यांना दारातून दिसत होती. पाच वर्षांपूर्वीची पाठ, जशीच्या तशी.

मंगळवारी ऊन पडलं. दुपारपर्यंत कपडे कडकडीत वाळले आणि टेबलावर डोंगर झाला. मावशींनी इस्त्री तापवली, पाणी शिंपडलं आणि पाठीकडे बघत म्हणाल्या, "मी डोळे मिटले होते. परवाच नाही, भुताच्या प्रत्येक सिनेमात."

"माहीत आहे," पाठ म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"डोळे मिटायचे झाले की तू इस्त्री स्टँडवर ठेवतेस. खट्ट वाजतं. तिथून पुढचं तुझं, परत घासल्याचा आवाज आला की सिनेमाचं. तुझ्या पदरचं मी सलूनमध्ये गाळून सांगतो." पाठ पुढे म्हणाली, "परवा खट्ट वाजलंच नाही."

कसं वाजणार? परवा हातात सुई होती. पाच वर्षं आपण ह्यांना बनवतोय अशी त्यांची समजूत होती.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू बघायचं सोडलं असतंस."

मावशींनी टीव्ही लावला आणि जहाजाचा सिनेमा पुन्हा पहिल्यापासून काढला. काका वळले नाहीत, पण नकोही म्हणाले नाहीत. कॉलर, बाह्या, पाठ, एकेक शर्ट होत गेला. वादळ झालं, सात जण चढले, स्वयंपाकी आला. शेवटी कोठीचं दार करकरू लागलं. मावशींचा हात आपसूक स्टँडकडे गेला आणि वाटेतच परत फिरला. त्यांनी उशीचा अभ्रा पुढ्यात ओढला आणि इस्त्री रेटली.

"दार उघडतंय," त्या म्हणाल्या. आवाज चिरकला. "वीतभर. अजून वीतभर. आत अंधार आहे. त्या सातांतली डॉक्टर पोरगी कंदील घेऊन शिरली. भिंतीवर फोटो आहे, जुना, सगळ्या खलाशांचा. खाली लिहिलंय, तीस वर्षांपूर्वीच्या वादळात बुडाले ते. आणि मधोमध..." त्यांनी मान पुढे काढली. "अगं बाई! तोच एप्रन. तीच घडी, छातीवर आडवी. अहो, म्हणून कोरडा! तो भिजणार कसा, तो तिथं नाहीच!"

खुर्ची गर्रकन वळली. "म्हणजे तुला पहिल्या दहा मिनिटांत दिसलं होतं."

"मला कुठं कळलं? मी त्यांची अक्कल काढत होते."

"दिसलं तर होतं ना? सलूनमध्ये डोळे उघडे ठेवून बघणाऱ्या एकाला तरी तो एप्रन दिसला का, विचारतो की." काका उठून काठी चाचपू लागले. "आणि होडीत कोण?"

"थांबा, येऊ दे सकाळ. ती पोरगीच. केस दिसताहेत घोंगडीतून."

"नक्की?"

"ह्या डोळ्यांनी बघतेय." काका दाराकडे निघाले.

"आज मंगळवार आहे, दाढीचा दिवस नाही," मावशींनी आठवण करून दिली.

"अर्धी राहिलीय," काका म्हणाले आणि उंबरा ओलांडून गेले. कोपऱ्यापर्यंत काठीचा आवाज ऐकू आला, मग रस्त्याच्या आवाजात मिसळला.

मावशींच्या नाकाला करपल्याचा वास आला. खाली बघतात तो अभ्र्यावर इस्त्रीच्या टोकाचा पिवळा डाग, बदामाएवढा. इतक्या वर्षांतला पहिलाच. त्यांनी इस्त्री खट्टकन स्टँडवर ठेवली, अभ्रा गार पाण्यात बुडवला आणि डाग ओला असतानाच उन्हात टाकला की फिकटतो, म्हणून गच्चीचा जिना चढू लागल्या.