साठ लिटरची सॅक

आमच्या माहेरी हात आधी चालतो, तोंड मागनं. दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं, लग्न झालं तेव्हापासून तो हात वहिनीच्या पाठीवर पडत आलाय. आमटी अळणी झाली, मार. फोनवर जास्त बोलली, मार. मूलबाळ नाही, त्याचाही राग तिच्याच अंगावर. दोनदा ती बॅग भरून निघाली. दोन्ही वेळा दादानं तिला उंबऱ्यातच केसाला धरून आत ओढलं आणि बॅग गल्लीत उपडी केली. मंगळवार पेठेतल्या बायांनी तिचे कपडे गोळा करून आणून दिले, वर ‘हुतंय गं संसारात’ असं सांगून गेल्या. मी दादाशी भांडले, तर म्हणाला, “तू तुझ्या घरचं बघ.”

त्या उन्हाळ्यात मी आणि नवरा हिमाचलात पंधरा दिवस हिंडणार होतो, सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन. नवऱ्यानं माझ्यासाठी हौसेनं ऑनलाइन मागवलेली बॅग दिसायला झकास होती, पट्टे मात्र सुतळीसारखे. सराव म्हणून ती पाण्याच्या बाटल्यांनी भरून मी जोतिबाचा डोंगर चढले. घरी येऊन बघते तर दोन्ही खांद्यांवर जांभळेकाळे वळ! नवऱ्याला झाप झाप झापलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन साठ लिटरची सॅक घेतली. रुंद पट्टे, आणि कमरेला आवळायचा वेगळा पट्टा. दुकानदार म्हणाला, “ताई, वजन कमरेवर बसलं पायजे. खांदा नुसता धराय असतोय.”

आता ही तरी पाठीला बसते का ते बघायचं होतं. शाहूवाडीच्या शेतातला तांदूळ माहेरी पोत्यानं पडलेला असतो, त्यातला दहा-बारा किलो भरून चालून बघू म्हटलं. स्लीपिंग बॅग आणि जर्किन आत कोंबून, टम्म फुगलेली सॅक पाठीला लावून मी रविवारी सकाळी माहेरी गेले. ऊन मरणाचं. बिनबाह्यांचा कुर्ता घातला होता.

दादा सोप्यात चहा पीत बसला होता. त्यानं सॅककडं बघितलं, मग माझ्या खांद्यांकडं. असले वळ त्याच्या चांगले ओळखीचे. कप त्यानं भिंतीवर फोडला. काय झालं, कुणी केलं, एक शब्द विचारला नाही. “आज त्याला जित्ता सोडत न्हाय!” म्हणून दारामागचा दांडका उचलला आणि गाडीला किक मारली. “अरे, बॅगेचे हायत ते, बॅगेचे!” मी गल्लीभर ओरडत पळाले. त्याला कसलं ऐकू येतंय! रिक्षा मिळेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला.

राजारामपुरीत पोचले तर आमचं दार सताड उघडं. नवरा अर्धी दाढी केलेला, फरशीवर पडलेला. दादा त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसलेला. एरवी ‘पावणं, आणि एक भाकरी घ्या’ म्हणून आग्रह करणारा माणूस दर शब्दाला दांडका हाणत होता. “बाईवर! हात! टाकतोस! व्हय रं?” नवरा बिचारा डावा हात आडवा धरून “अहो, कुणी टाकला? कुणी टाकला?” एवढंच म्हणत होता. त्याच हातावर दांडका बसला आणि कट्‌ आवाज आला. गालावरचा साबणाचा फेस लालभडक झाला होता. मी दादाच्या मनगटाला कडकडून चावले, तेव्हा दांडका सुटला.

“बॅगेचे वळ हायत, मुडद्या! डोंगर चढलेवते मी!”

दादा नवऱ्याच्या छातीवरनं उठला. मग म्हणतो, “मग आधी सांगायचं की!”

माझं टाळकंच सरकलं. त्याच्या थोबाडीत दिली. मग आणि एक दिली. “बाईवर हात टाकू नये व्हय? तू शिकवतोस? घरात वहिनीची पाठ बघ जा! तिनं कुठली बॅग उचललीवती रे? सांग की!” नवऱ्याला दवाखान्यात न्यायला रिक्षा मात्र त्यानंच आणली.

हात मोडला होता. प्लॅस्टर बसलं. तिसऱ्या दिवशी दादा सफरचंदं घेऊन वहिनीसकट आला, नवऱ्याच्या पाया पडला. नवरा मला म्हणाला, “मी काय येत नाही आता, तू जा.” तर दादा म्हणाला, “एकटी नगं. हिला ने संगं. तिकीट मी काढतो.” पापाची भरपाई करत होता. वहिनीनं मान वर केली नाही.

माझी सॅक तिला दिली, नवऱ्याची मी घेतली. जड सामान पाठीला लागून ठेवायचं, ते तिला दाखवलं. तिनं तिथं शिवणाची मोठी कात्री ठेवली. वर सुती साड्या रचायला लागली, पाच-सहा, एकावर एक.

“वहिनी, तिथं बर्फ असतोय.”

“व्हय वन्सं,” म्हणाली, आणि सातवी साडी ठेवली. मी काय ते समजले. जर्किन मी गपचूप बाहेर काढून तिला जागा करून दिली.

स्टेशनावर दादानं स्वतःच्या हातानं सॅक तिच्या पाठीवर चढवली. कमरेचा पट्टा आवळला. “वढतंय काय?”

“न्हाय. बराबर बसलंय,” ती म्हणाली.

वाटेत एका स्टेशनावर ठरल्याप्रमाणं तिची शाळेतली मैत्रीण उभी होती. वहिनी तिथं उतरली. गाव मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

मी एकटीच हिंडून परत आले. डोंगरात रेंज नसते सांगून फोन बंद ठेवला होता. दादा प्लॅटफॉर्मवर वाट बघत होता. माझ्या मागं बघितलं, डब्यात वाकून बघितलं. “ती कुठं हाय?”

“गेली.”

त्यानं सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवली. ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली. “कुठं गेली? बोल!” म्हणत त्यानं परत हात उगारला.

“मार की,” मी म्हणाले. “घरात मारायला कोण न्हाय आता तुला.”