मोटरचं ऑइल आणि वन्संचं नाक

माझ्या नणंदेला नदीकाठचे लोक मोटरताई म्हणतात. मी वन्सं म्हणते, आणि मनात आणखी बरंच काही म्हणते. बाई नाकावर माशी बसू देत नाही. माझं भाजी चिरणं, कपडे वाळत घालणं, हसणं, सगळ्यावर त्यांचा शेरा असतो. पण आमची होडी ज्या मोटरवर चालते ती त्यांनीच सांभाळली आहे. माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, लोकांना या काठावरून त्या काठावर सोडतो. मोटरच्या आत काय आहे ते त्याला विचारू नये.

ऑइल बदलताना शेडमध्ये कुणी बोलायचं नाही. मोटर लाकडी घोडीला टांगलेली, तिचा पंख्याकडचा पाय पाण्याच्या पिंपात. वन्सं आधी ती थोडी चालवून गरम करतात, कारण थंड ऑइल तळातली घाण घेऊन उतरत नाही. मग मोटर बंद करून खालचा स्क्रू काढायचा, ऑइल डब्यात सोडायचं, स्क्रूला नवा वॉशर घालायचा. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावायचं आणि तो बसवायचा. या सगळ्यात त्यांचा खरा भरवसा नाकावर. निघालेल्या ऑइलचा थेंब बोटावर घेऊन वास घेतात आणि मोटरला काय झालंय ते सांगतात.

थंडीत त्यांना मोठा ताप आला. ताप गेला, आणि जाताना नाकाची वासाची जाण घेऊन गेला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते दुधामुळे. त्या गॅसशेजारीच कांदे सोलत बसल्या होत्या, आणि दूध करपून घरभर वास सुटला तरी त्यांची मान वर झाली नाही. मी गॅस बंद केला. पहिल्यांदाच त्यांची चूक माझ्या हाती लागली होती, आणि मला आनंद झाला नाही. भीती वाटली.

कारण नवरा हल्ली म्हणायला लागला होता, "ताईचं वय झालं. यावेळी काही चुकलं तर मोटरचं काम बाजारातल्या वर्कशॉपला देऊन टाकू." गरज सरो, वैद्य मरो. वन्संनी लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिल्या, पण मोटरमुळे कुणाच्या मिंध्या नव्हत्या. ते काम गेलं की त्या माझ्या घरातल्या पाहुण्या होणार होत्या, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

ऑइल बदलायच्या दिवशी नवरा मुद्दाम शेडमध्ये येऊन उभा राहिला. मी चहा घेऊन दारात. वन्संनी थेंब बोटावर घेतला, नाकाशी नेला, नेहमीसारखे डोळे मिटले.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.

ठीक कसलं! दारातच माझ्या नाकात पेट्रोल शिरलं होतं. नवऱ्याच्या अंगालाच दिवसभर पेट्रोलचा वास, त्याला काय कळणार.

"वन्सं, मी जाते बाहेर," मी म्हणाले. "या ऑइलला पेट्रोलचा एवढा वास आहे की माझं डोकं उठलं."

"हिचं नेहमीचं नाटक," नवरा म्हणाला.

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मग डबा उजेडात ओढला. मागच्या वेळी ओतलं होतं त्याहून जास्त ऑइल निघालं होतं.

"माणसं येईपर्यंत धक्क्याला मोटर चालूच ठेवून बसतोस ना?" त्यांनी भावाला विचारलं.

"सारखी बंद-चालू कोण करत बसणार?"

"नुसती घुरघुरत राहिली की ती नीट गरम होत नाही. न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. आतून झिजेल ती. उद्यापासून धक्क्याला लागलास की बंद करायची."

वर्कशॉपचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. वन्संनीही माझे आभार वगैरे मानले नाहीत. रात्री जेवताना भाजीत मीठ जास्त आहे म्हणाल्या. मला बरं वाटलं.

पुढच्या वेळी ऑइल बदलायचं होतं तेव्हा नवरा होडीवर गेला होता. वन्संनी मला हाक मारली, "अगं, डबा धरायला ये."

डबा जमिनीवर असतो, तो धरायला माणूस लागत नाही. मी गेले. त्यांनी थेंब बोटावर घेतला आणि हात माझ्या नाकासमोर धरला.

"सांग," त्या म्हणाल्या.